रजेचा अर्ज आणि रिसॉर्टचं वायफाय

वाचकाचं पत्र (थोडक्यात, ओळख पुसून)

पत्र बेळगावातल्या एका वाचक भगिनीचं आहे. वय ४१. पुण्यातल्या एका सॉफ्टवेअर कंपनीचं काम त्या घरून करतात, पतीचं उद्यमबाग औद्योगिक वसाहतीत मशीन शॉप आहे. घरात सासूबाई, दहावीतला मुलगा आणि सहावीतली मुलगी. मे महिन्यात ही मंडळी जांबोटीच्या पुढे, चोर्ल्याच्या वाटेवरच्या एका रिसॉर्टवर तीन रात्रींसाठी गेली होती. जाहिरातीत ‘हाय स्पीड वायफाय मोफत’ असं होतं. त्या भरवशावर बाईंनी रजा न टाकता लॅपटॉप सोबत घेतला. खोलीत वायफाय पोचेना, रिसेप्शनवर चालायचं तेही अडखळत. दुसऱ्या दिवशी क्लायंटबरोबरचा कॉल अर्ध्यात तुटला. मॅनेजरशी वादावादी झाली, मुलगा रुसला, पती म्हणाले, “ऑफिस घेऊनच आलीस की,” आणि सगळे एक दिवस आधीच घरी परतले.

आता दिवाळीत पुण्याहून नणंद सहकुटुंब येणार आहेत. सगळ्यांनी मिळून कणकुंबीच्या बाजूला दोन रात्री राहायचं घाटतंय. पती म्हणतात, यंदा रेंज नसलेलीच जागा बघायची. बाई म्हणतात, नेट पक्कं असल्याशिवाय मी येणार नाही. त्या विचारतात, “एवढे पैसे मोजून चालणारं वायफाय मागणं हा काय गुन्हा आहे का? आणि नसेल, तर घरात मीच का वाईट ठरते?”

उत्तर

ताई,

गुन्हा अजिबात नाही. जाहिरातीत जे लिहून पैसे घेतले, ते मागणं हा गिऱ्हाइकाचा हक्क आहे. मेमधल्या त्या पैशांचं काय करता येईल, तेही मी लिहिणार आहे. पण तुमच्या लांबलचक पत्रात एक छोटं वाक्य आहे, जे तुम्ही घाईघाईत लिहून पुढे गेलात: “रजा टाकली नव्हती, कारण तशी गरजच पडणार नव्हती.” मी पत्र वाचून संपवलं आणि परत त्या वाक्यापाशी आले.

त्याच्याकडे वळण्याआधी वायफायचं बोलू. तुम्ही सॉफ्टवेअरमधल्या, तेव्हा यातलं बरंच तुम्हाला ठाऊक असणार. तरीही रिसॉर्ट बुक करताना तुम्ही एकच प्रश्न विचारलात, “वायफाय आहे ना?” त्यावर पलीकडून “आहे की” असं उत्तर आलं. ते खोटं नव्हतं. प्रश्नच अपुरा होता. गिझर आहे का, जनरेटर आहे का, शाकाहारी स्वयंपाक वेगळा होतो का, हे आपण खोदून खोदून विचारतो आणि वायफायची एका शब्दावर बोळवण करतो.

खोलीत किंवा रिसेप्शनवर दिसतो तो राउटर म्हणजे शेवटचा टप्पा. त्याच्या पाठीमागे नेट येतं कुठून, हा खरा प्रश्न. आपल्या खानापूर तालुक्याच्या पश्चिम पट्ट्यात, म्हणजे जांबोटी-कणकुंबीच्या बाजूला, ते साधारण तीन वाटांनी येतं. एक म्हणजे रस्त्याच्या कडेनं, खांबांवरून किंवा जमिनीखालून आलेली केबल. ही सगळ्यात चांगली, पण रस्त्याच्या कामावर जेसीबीचा एक घाव बसला किंवा पावसाळ्यात झाड आडवं झालं की गेली. मग जोडणारा माणूस कधी येईल ते रस्त्यावर आणि पावसावर. दुसरी वाट म्हणजे एका उंचवट्यावरून दुसऱ्या उंचवट्याकडे तोंड करून बसवलेली छोटी डिश. मध्ये डोंगराचा खांदा किंवा उंच झाडी आली की ती आंधळी होते. तिसरी वाट सगळ्यात फसवी. राउटरमध्ये मोबाइलचंच सिम घातलेलं असतं. म्हणजे तुमच्या फोनला ज्या टॉवरची रेंज मिळत नाही, त्याच टॉवरवर तो राउटरही जगत असतो. वीज गेली, टॉवरची बॅटरी उतरली, की फोन आणि वायफाय एकाच वेळी मान टाकतात. ज्याला ‘फोन नाही चालला तर वायफाय आहेच’ असा धीर असतो, त्याची इथंच फसगत होते.

टॉवर वाढवा म्हणावं, तर तेही सोपं नाही. याच पट्ट्यातलं भीमगड अभयारण्य २०११ साली जाहीर झालं. त्याच्या आत आणि आसपासच्या राखीव जंगलात नवं बांधकाम, खोदाई, विजेची लाइन यातलं काहीही वनखात्याच्या परवानगीशिवाय होत नाही. त्यात डोंगर आडवे. महादयी आणि मलप्रभा या दोन्ही नद्या याच तालुक्यात उगम पावतात, एक पश्चिमेला जाते आणि दुसरी पूर्वेला. यावरूनच जमीन किती वर-खाली असेल ते समजा. सिग्नलला सरळ रेषा आवडते, सह्याद्रीला ती ठाऊक नाही. चोर्ल्याच्या जवळ तर मोबाइल कधी इकडचा टॉवर धरतो, कधी पलीकडचा. गोवा दूरसंचाराच्या हिशेबात महाराष्ट्र सर्कलमध्ये मोडतो. सीमाभागातल्या आपल्या पिढ्यांना जे जमलं नाही ते आपला मोबाइल घाटात दर पाच मिनिटांनी करून येतो, काय बोलायचं!

नेट राउटरपर्यंत नीट पोचलं, तरी खोलीपर्यंत पोचायचं असतं. जांभ्या दगडाच्या जाड भिंती उन्हाळ्यात खोली गार ठेवतात आणि सिग्नलही अडवतात. कॉटेज जितकं सुटं, झाडीत लपलेलं आणि फोटोत छान, तितकं ते राउटरपासून दूर. पावसानं भिजलेली पानं तर या लहरी चांगल्याच शोषतात. पाच गिगाहर्ट्‌झचं वायफाय वेगवान, पण भिंतीपलीकडे दमतं. २.४ गिगाहर्ट्‌झचं मंद, पण लांब जातं. खोलीत दोन नावं दिसत असतील आणि एकापुढे ‘५जी’ लिहिलेलं असेल, तर हौसेनं तेच धरू नका. लांबच्या खोलीत दुसरं जास्त टिकतं.

मग येते ती गर्दी. एका नळावर वीस घागरी लावल्या तर प्रत्येकीत किती पाणी पडणार? समजा रिसॉर्टची लाइन १०० एमबीपीएसची (हे नेटच्या वेगाचं माप) आहे. दुपारी तीन वाजता, लोक पाण्यावर गेलेले असताना, ती तुम्हाला एकटीला छान वाटेल. शनिवारी रात्री आठला बेळगाव, हुबळी, गोवा असे सगळीकडचे पाहुणे मॅच लावून बसले की संपलं. त्यातही अपलोडचा, म्हणजे आपल्याकडून बाहेर जाणाऱ्या नेटचा, आकडा पुष्कळदा डाउनलोडपेक्षा कितीतरी कमी असतो, आणि सीसीटीव्हीचे कॅमेरे त्यातूनच रेकॉर्डिंग वर पाठवत असतील तर उरलेलंही जातं. सिनेमा बघणाऱ्याला अपलोड लागत नाही. तुमच्यासारख्या कॉलवर बोलणाऱ्याला तेच लागतं. म्हणून शेजारच्या कॉटेजमध्ये पिक्चर मजेत चालू असतो आणि तुमचा आवाज मात्र क्लायंटला तुटक ऐकू जातो. तुम्हाला वाटतं, माझ्याच नशिबी का. नशिबाचा संबंध नाही हो.

आणखी एक गोष्ट, जी तुमच्या पत्रात आहे पण तुम्ही तिच्यावरून उगाच मॅनेजरला झापलंत: “वायफाय लावायला ओटीपी मागतो आणि ओटीपी येतच नाही.” बाहेरच्या लोकांना वायफाय देणाऱ्यानं ते कोण वापरतंय याची नोंद ठेवायची, असा आपल्याकडे नियम आहे. म्हणून मोबाइल नंबर आणि ओटीपी. खोलीत रेंज नाही, म्हणून वायफाय हवं. वायफाय हवं तर ओटीपी हवा, आणि ओटीपीला रेंज हवी! हा गुंता त्या पोरानं केलेला नाही. जिथं एखादी कांडी दिसते तिथं उभं राहून ओटीपी घ्यायचा आणि मग खोलीत जायचं, एवढाच उपाय. रिसॉर्टवाल्यांनी पाहुणे आल्या आल्या, ओळखपत्र बघतानाच हे उरकून दिलं तर निम्मी भांडणं मिटतील.

त्या मॅनेजरबद्दल थोडं. तुम्ही लिहिता, तो खानापूरकडचाच तरुण होता, आणि शेवटी वैतागून म्हणाला, “मॅडम, आमच्या गावात अजून फोन लावायला टेकडीवर जावं लागतं.” तुम्हाला ते उद्धट वाटलं. मला तसं वाटलं नाही. २०२० च्या लॉकडाऊनमध्ये सह्याद्रीच्या पट्ट्यातल्या कितीतरी मुलांनी टेकडीवर, झाडाखाली, रस्त्याच्या वळणावर बसून ऑनलाइन वर्ग केले. त्यांतलीच काही आज रिसॉर्टच्या रिसेप्शनवर बसून आपल्याकडून वायफायसाठी बोलणी खातात. लाइन त्यानं घेतलेली नाही, जाहिरातही त्यानं लिहिलेली नाही. तक्रार मालकाकडे करायची होती, आणि लेखी.

आता रजेच्या त्या वाक्याकडे येते.

घटकाभर असं धरू, की मे महिन्यात वायफाय अगदी लोण्यासारखं चाललं. कॉल तुटला नाही, क्लायंट खूश. मग त्या तीन दिवसांत तुम्ही काय केलं असतं? सकाळी दहाला कानात हेडफोन घालून खोलीत बसला असता. मुलं आणि त्यांचे बाबा पाण्यावर गेले असते, सासूबाई व्हरांड्यात एकट्या बसल्या असत्या, आणि संध्याकाळी सहाला तुम्ही लॅपटॉप मिटून “चला, आता कुठं जायचं?” म्हणाला असता. तेव्हा जंगलात अंधार पडायला आलेला असतो. मला वाटतं, चालणाऱ्या वायफायनं तुमची सुट्टी जास्त गुपचूप खाल्ली असती. न चालणाऱ्यानं निदान भांडण तरी उघड्यावर आणलं.

तुम्ही रजा का टाकली नाही, याचा मी अंदाज करते. चुकला तर सोडून द्या. तुमची टीम पुण्यात, तुम्ही बेळगावात. आधीच मनात धाकधूक, की ‘ही गावाकडं बसून आरामात काम करते’ असं कुणाला वाटू नये. म्हणून ऑफिसच्या चॅटमधला, आपण हजर आहोत हे दाखवणारा तो हिरवा ठिपका कधी विझू द्यायचा नाही. दुपारी जेवतानाही मोबाइल शेजारी. रजा मागितली तर आपण नजरेत येऊ, आणि न मागता दोन्ही साधलं तर कुणाला कळणारही नाही. हा हिशेब तुमच्या एकटीचा नाही. पुण्या-बेंगळुरूच्या कंपन्यांसाठी बेळगाव, निपाणी, चिक्कोडीतून काम करणाऱ्या पुष्कळ मुला-मुलींचा असतो, आणि तशी पत्रं मला येतात. पण त्या हिशेबात एक भागीदार तुम्ही न विचारता धरला होता, तो म्हणजे रिसॉर्टचा राउटर. तुमची रजा झाकून ठेवायचं काम तुम्ही त्याच्यावर सोपवलंत. पंधराशे-दोन हजारांच्या त्या डबीला ते कसं झेपावं?

कामाचे तास संपल्यावर फोन न उचलण्याचा हक्क फ्रान्समध्ये २०१७ पासून कायद्यात आहे. आपल्याकडे तसं खासगी विधेयक सुप्रिया सुळे यांनी २०१८ च्या डिसेंबरात लोकसभेत मांडलं होतं, पण त्याचा कायदा झाला नाही. तेव्हा तूर्त तुम्हाला कायद्याची नव्हे, तुमच्या खात्यावर साठलेल्या रजेचीच मदत आहे. ती आहे ना? मग वापरा. दिवाळीच्या दोन दिवसांसाठी रीतसर मेल टाका, आणि त्यात ‘मी प्रवासात आहे, फोन लागणार नाही’ असं स्पष्ट लिहा. ‘उपलब्ध असेन, जमेल तसं बघेन’ हे वाक्य लिहू नका. त्या वाक्यानं रजाही मिळत नाही आणि कामही होत नाही.

आणि एखादी मीटिंग खरोखरच चुकवता येण्यासारखी नसेल तर? तेही होतं. पण कणकुंबी काही काश्मीर नव्हे. पिरनवाडी, किणये, कुसमळी, जांबोटी करत, रस्ता धड असेल तर, तास-सव्वा तासाचा प्रवास. मंडळींना सकाळी पुढे जाऊ दे. तुम्ही घरच्या खात्रीच्या नेटवर मीटिंग उरका, लॅपटॉप कपाटात ठेवा आणि दुपारी जेवून निघा. गाडी नसली तर चोर्ल्यावरून पणजीला जाणाऱ्या बसेस आहेत. हा उपाय इतका साधा आहे, की तुम्हाला तो सुचला नसेल असं नाही. पण ‘सगळ्यांबरोबर निघाले नाही तर घरचे काय म्हणतील’ हा विचार आडवा आला असावा. अर्धा दिवस उशिरा आलेली आणि मोकळी असलेली सून, वेळेवर येऊन तीन दिवस रिसेप्शनवर बसलेल्या सुनेपेक्षा कुणालाही चालेल. सासूबाईंना विचारून बघा.

आता तुमचे अहो. “ऑफिस घेऊनच आलीस की,” हे त्यांचं वाक्य तुम्हाला लागलं, आणि ते लागण्यासारखंच आहे. कारण त्याच पत्रात दुसऱ्या पानावर तुम्ही सहज लिहून गेलात, की मेमध्ये ते रोज संध्याकाळी रस्त्यापर्यंत चालत जाऊन, रेंज धरून, उद्यमबागेत कास्टिंगचा माल निघाला का याची चौकशी करत होते. त्याला घरात कुणी ‘ऑफिस’ म्हणालं नाही. ते फिरायला गेले होते! पुरुषाचं काम खिशातल्या फोनवर असतं आणि फेरफटक्यात खपून जातं. बाईचं काम मांडीवर लॅपटॉप घेऊन सगळ्यांसमोर असतं, म्हणून तेच डोळ्यांत भरतं. घरात तुम्हीच का वाईट ठरता, या तुमच्या प्रश्नाचं उत्तर मला तरी इथं दिसतं. हे त्यांना सांगा. भांडणात नको, एरवी, चहा घेताना. आणि सांगताना आपलीही रजेची गोष्ट कबूल करा, म्हणजे बोलणं दोन्ही बाजूंनी होईल. दिवाळीचा नियम एकच असू द्या, दोघांनाही लागू. दिवसातून अमुक वेळी अर्धा तास, ज्याला जे फोन करायचे ते करून घ्यायचे. त्यांना माल, तुम्हाला मेल.

पण त्यांची ‘रेंज नसलेलीच जागा’ ही अट मला मान्य नाही. ऐकायला छान वाटतं, जंगल, शांतता, वगैरे. तुम्ही लिहिता, सासूबाईंना रक्तदाब आहे आणि मागच्या वर्षी त्यांना चक्कर येऊन पडायला झालं होतं. रात्री अकराला पुन्हा तसं झालं तर? ११२ हा आणीबाणीचा नंबर आपल्या कंपनीचा टॉवर नसला तरी दुसऱ्या कुठल्याही कंपनीच्या टॉवरवरून लागतो, पण टॉवरच नसेल तर तोही लागत नाही. म्हणून वयस्कर माणूस, गरोदर बाई किंवा तान्हं मूल बरोबर असेल, तर बुक करताना एक गोष्ट पक्की विचारून घ्या: रात्री-बेरात्री तिथून बाहेर फोन कसा लावतात आणि खानापूरला किंवा बेळगावला न्यायला गाडी जागेवर असते का. कॉल लागला म्हणजे झालं, व्हिडिओ नसला तरी चालतो.

इथंच मोबाइलची एक सोय कामी येते, जी अनेकांच्या फोनमध्ये असूनही बंद पडलेली असते: वायफाय कॉलिंग. सेटिंगमध्ये जाऊन ती घरीच चालू करून ठेवा. टॉवरची रेंज नसली आणि वायफाय अगदी मंद असलं, तरी साधा आवाजी कॉल त्यावरून जातो. कारण आवाजाला लागतं फारच थोडं, ०.१ एमबीपीएसच्याही आत. चांगल्या दर्जाच्या व्हिडिओ मीटिंगला दोन्ही दिशांना साधारण दोन-तीन एमबीपीएस सलग लागतात. हा फरक लक्षात आला की कॅमेरा बंद करणं हा किती मोठा उपाय आहे तेही लक्षात येतं. मेमधल्या त्या कॉलला तुम्ही कॅमेरा चालू ठेवला होता का? पत्रात लिहिलेलं नाही, पण माझी शंका आहे. पुष्कळ मीटिंगांना साध्या फोननं जोडून घ्यायचा नंबरही दिलेला असतो. निमंत्रणाच्या तळाशी, जिथं कुणी वाचत नाही तिथं.

ज्यांना नेट खरोखरच लागतं अशीही माणसं आहेत, आणि त्यांना मी ‘जरा मोबाइल बाजूला ठेवा’ असा उपदेश करणार नाही. रुग्णांचे फोन घ्यावे लागणारा डॉक्टर, घरी आजारी वडिलांना मदतनिसावर सोपवून आलेली मुलगी, प्रवेशाच्या याद्या लागायच्या आठवड्यात सापडलेला विद्यार्थी. अशांनी मुक्काम आणि भटकंती वेगळी करावी. राहायचं पुणे-बेंगळुरू महामार्गाच्या आसपास, काकती-हत्तरगीच्या पट्ट्यात किंवा सरळ शहरात, जिथं केबल आणि टॉवर दोन्ही असण्याची शक्यता जास्त. आणि दिवसा जंगलात, गोकाकच्या धबधब्याला, हिडकल धरणाला, नाहीतर आंबोलीला जाऊन यायचं. रात्रीच्या रातकिड्यांचा आवाज हुकेल, हे खरं. पण जीव टांगणीला लावून तो ऐकण्यातही अर्थ नाही.

तरीही कुणाला जंगलातच राहून थोडं काम करायचंच असेल, तर बुकिंगच्या आधी फोनवर हे विचारा. नेट केबलनं येतं की सिमवर? राउटर माझ्या कॉटेजमध्ये आहे की रिसेप्शनवर? वीज गेल्यावर जनरेटर लागेपर्यंत राउटर चालू राहतो का? मोबाइल कुठल्या कंपनीचा चालतो? (नेटवर्क असलं तरी ते एकाच कंपनीचं असू शकतं. दोन वेगळ्या कंपन्यांची सिम बरोबर असणं हा महागड्या राउटरपेक्षा स्वस्त आणि खात्रीचा उपाय.) आणि शेवटी, शनिवारी रात्री आठला, मला जी खोली देणार तिथं उभं राहून स्पीड टेस्टचा फोटो पाठवाल का? त्यात डाउनलोडकडे नंतर बघा, आधी अपलोड बघा. जो हे पाठवायला राजी होतो त्याच्यावर विश्वास ठेवायला हरकत नाही. “काळजी करू नका मॅडम, फुल स्पीड आहे,” एवढंच जो म्हणतो, तिथं जा, पण लॅपटॉप घरी ठेवून जा. २०२३ पासून आपल्याकडे २ एमबीपीएस डाउनलोड मिळालं की त्याला ब्रॉडबँड म्हणता येतं. त्यामुळे ‘ब्रॉडबँड आहे’ असं कुणी म्हणालं तरी त्यानं फार काही सांगितलं असं होत नाही. ‘हाय स्पीड’ या शब्दांमागे तर आकडाच नसतो.

हे वाचणारे कुणी रिसॉर्टवाले असतील तर त्यांना सांगते. ‘वायफाय फक्त रिसेप्शनजवळ, मेसेज आणि कॉलपुरतं, पावसाळ्यात बंद पडू शकतं’ असं सरळ लिहा. गिऱ्हाईक तुटेल अशी भीती वाटते, पण तुटतो तो चुकीचा गिऱ्हाईक, जो येऊन तुमच्या पोरांवर ओरडणार आणि एक तारा देऊन जाणार.

मुलाच्या रुसण्याबद्दल तुम्ही दोन पानं लिहिलीत, मी दोन-चार ओळींत आटपते. पंधरा वर्षांच्या मुलाला तीन दिवस रील दिसले नाहीत तर तो रुसणारच. त्याला निघण्याच्या आदल्या दिवशीच सांगा, की तिथं नेट नसणार. हवं ते घरी उतरवून घे, गाणी, सिनेमा, खेळ, काय ते. दहावीचे व्हिडिओही उतरवून घेता येतात, पण त्याबद्दल सहलीत चकार शब्द काढू नका. आयत्या वेळी कळलं की मुलांना फसवल्यासारखं वाटतं, आणि ते त्यांचं चूक नसतं.

नणंदबाईंना मात्र आजच फोन करा. त्या दोघांनाही पुण्याची नोकरी असेल, त्यांच्याही मागे लॅपटॉप असेल. तुमचं भांडण झालं ते नेमकं ‘तिथं गेल्यावर बघू’ यातून. “वन्सं, तिथं रेंज जेमतेम आहे, तुमचं चालेल का?” एवढं विचारलंत की त्या रजा टाकतील किंवा दुसरी जागा सुचवतील, पण तिथं येऊन तोंड पाडणार नाहीत. नकाशा फोनमध्ये उतरवून घ्यायला सांगा. आणि पैसे रोख बरोबर ठेवायला सांगा, पुण्याच्या माणसाला आता नाक्यावरच्या चहालाही यूपीआय लागतं. रोकड बेळगावातूनच काढून निघा. तारखा ठरवताना १ नोव्हेंबर, म्हणजे कर्नाटक राज्योत्सव आणि आपला काळा दिवस, कधी येतो तेही बघा. त्या दिवशी बेळगावात शिरणं-निघणं कसं असतं, ते तुम्हाला मी सांगायला नको, पुण्याच्या पाहुण्यांना मात्र सांगावं लागेल.

राहता राहिले मेमधले पैसे. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ खाली, जाहिरातीत लिहिलेली सेवा न देणं ही त्रुटी ठरू शकते आणि फसवी जाहिरात हा वेगळा मुद्दाही होतो. पण अपेक्षा बेताची ठेवा. वायफाय नीट चाललं नाही म्हणून सगळं भाडं परत मिळेल असं धरून चालू नका. राहिलात, जेवलात, झोपलात. न राहिलेल्या तिसऱ्या रात्रीचे पैसे आणि थोडी भरपाई, एवढं मागणं रास्त दिसतं. आधी मालकाला ईमेल करा: अमुक तारखेला जाहिरातीत हे होतं, प्रत्यक्षात हे मिळालं, पंधरा दिवसांत उत्तर द्या. मॅनेजरचं नाव त्यात घालू नका. उत्तर आलं नाही तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवा. बऱ्याच गोष्टी तिथंच मिटतात. तेवढ्यानंही भागलं नाही तर जिल्हा ग्राहक आयोग आहे. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तिथं तक्रारीची फी नाही, आणि वकील लावलाच पाहिजे असंही नाही. या कायद्यानं एक चांगली सोय केली आहे, जी सीमेवर राहणाऱ्यांच्या विशेष उपयोगाची: तक्रारदार जिथं राहतो किंवा काम करतो तिथल्या आयोगाकडे जाता येतं. म्हणजे रिसॉर्ट गोव्यात असो, आंबोलीत असो की दांडेलीत, बेळगावकराला तक्रार बेळगावातच करता येते.

मुदत घटनेपासून दोन वर्षांची असते, तेव्हा दिवाळी सोडून त्याच्या मागे लागायची गरज नाही. फक्त त्या जाहिरातीचा आणि बुकिंगच्या मेसेजचा स्क्रीनशॉट आजच काढून ठेवा. ‘हाय स्पीड’ हे दोन शब्द पुसायला त्यांना एक मिनिटही लागणार नाही.